टॉवर ब्रिज ते ग्रिनिच: थेम्सच्या ओहोटीबरोबर चालायची वाट

लंडनच्या पूर्व भागात थेम्सच्या उत्तर काठाने टॉवर ब्रिजपासून ग्रिनिचपर्यंत चालायचं तर अंतर साधारण 10 किलोमीटर भरतं. गोद्यांमध्ये आत-बाहेर केलं की आणखी एखादा किलोमीटर. न थांबता अडीच-तीन तासांत होईल, पण तशी घाई करायची असेल तर ही वाट घेऊच नका. म्युझियम आणि जेवण धरून साडेसहा तास हाताशी ठेवा. वाट सपाट आहे. चढ-उतार असलाच तर तो शेवटच्या बोगद्याच्या जिन्यावर.

निघण्याआधी लोक पावसाचा अंदाज बघतात. इथे त्याच्याही आधी भरतीचं कोष्टक बघायचं.

आधी भरती, मग हवामान

समुद्रापासून इतक्या आतही थेम्सला भरती-ओहोटी आहे. उधाणाच्या दिवशी लंडन ब्रिजपाशी पाणी साडेसहा मीटरच्या आसपास वर-खाली होतं, म्हणजे मुंबईच्या उधाणापेक्षाही जास्त. या वाटेवरच्या गोद्या खोदल्या गेल्या त्यामागे हे एक मोठं कारण होतं. नदीत उभं जहाज ओहोटीला चिखलात बसायचं, माल छोट्या होड्यांतून काठाला आणावा लागायचा आणि त्या गर्दीत चोरी व्हायची. गोदी म्हणजे दरवाजे लावून अडवलेलं पाणी. बाहेर नदी कितीही उतरो, आत जहाज एकाच पातळीवर तरंगत राहतं. मुंबईची इंदिरा गोदी याच तत्त्वावर चालते.

त्यामुळे बेत असा आखा, की निघताना पूर्ण भरती असेल आणि शेवटाकडे ओहोटी. सकाळी 10 च्या आसपास भरती असलेला दिवस उत्तम. सुरुवातीच्या सेंट कॅथरिन्स गोदीचं लॉक, म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली, चालू दिसतं आणि सहा तासांनी वाटेच्या शेवटाकडच्या मिलवॉलला पोचाल तेव्हा नदीचा तळ उघडा पडलेला असतो. वाटेत काठाच्या भिंतींवर शेवाळाचा हिरवा पट्टा दर तासाला रुंद होताना दिसतो. तेच या वाटेचं घड्याळ.

कोष्टक पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर मिळतं. टॉवर पिअर किंवा लंडन ब्रिजची वेळ बघा. ती वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत, हेही नीट वाचा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर या एका तासाचा घोळ हमखास होतो.

तिथीवरून भरती काढायची सवय असलेल्यांसाठी ढोबळ हिशेब असा: अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, लंडन ब्रिजला दोन ते तीनच्या दरम्यान. पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशीर. त्या हिशेबाने सकाळी दहाची भरती नवमी-दशमीच्या आसपास पडते. हे दिवस भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचे, म्हणून पाणी साडेसहा मीटर न उतरता साडेचारच्या आसपास उतरतं. पायऱ्या उघड्या पडायला तेवढं पुरतं. तिथीने दिवस निवडा, पण वेळ कोष्टकाचीच धरा.

सुट्टी नेमकी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आली तर वाट उलटी करा. सकाळी साडेनवाला ग्रिनिचहून निघा. तेव्हा ओहोटी असते. दुपारी तीनच्या सुमारास सेंट कॅथरिन्सला पोचलात की भरती. फक्त या दिशेने पाणी चढत असतं, तेव्हा कुठल्याही पायरीवरून खाली उतरायचं नाही.

काय बरोबर घ्यायचं

बूट सपाट आणि जाड तळाचे हवेत. वॉपिंगच्या रस्त्यावर दगडी फरसबंदी आहे, पातळ तळाच्या बुटांत तासाभरात टाचा दुखू लागतात. बाबागाडीची लहान चाकं तिथे अडकतात. मोठ्या चाकांची असेल तरच आणा. वाऱ्यासाठी एक विंडचीटर उन्हाळ्यातही ठेवा. नदीकाठी शहरापेक्षा बराच गार वारा असतो आणि आइल ऑफ डॉग्जच्या (कॅनरी वॉर्फ आणि मिलवॉलचा, नदीने तीन बाजूंनी वेढलेला भाग) पश्चिम काठावर तो थेट अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा नऊच्या आत निघा आणि म्युझियम गाळा.

शौचालयांचं नियोजन आधीच करा. सेंट कॅथरिन्सनंतर थेट कॅनरी वॉर्फपर्यंत भरवशाची सोय नाही. मध्ये पब आहेत, पण तिथे निदान चहा-कॉफी तरी घ्यावी. घरचा डबा पबमध्ये उघडू देत नाहीत. तो खायचा तर किंग एडवर्ड मेमोरियल पार्कमधले नदीकडे तोंड केलेले बाक त्यासाठी उत्तम.

टॉवर हिल ते सेंट कॅथरिन्स

टॉवर हिल स्टेशनला उतरा. समोरच्या ट्रिनिटी स्क्वेअर बागेत दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक आहे. हिंदी खलाशांची नावं इथे शोधत बसू नका. त्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

भुयारी वाटेने टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याकडे जा, किल्ल्याच्या पश्चिमेने उतरून नदीवर या आणि डावीकडे वळा. आता नदी उजव्या हाताला. पुढचे सहा तास हीच खूण: नदी उजवीकडे ठेवायची. किल्ल्यासमोरच्या धक्क्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं. बंद असेल तर किल्ल्याला उत्तरेकडून वळसा घाला. टॉवर ब्रिजच्या (1894) कमानीखालून पलीकडे गेलात की सेंट कॅथरिन्स वे लागतो.

सेंट कॅथरिन्स डॉक्स 1828 मध्ये सुरू झाले. अभियंता थॉमस टेलफर्ड. जागा करण्यासाठी इथली वस्ती उठवली, अकरा हजारांवर माणसं बेघर झाली. धक्का आणि गोदाम यांच्यात अंतर न ठेवता जहाजातून थेट गोदामात माल, ही इथली युक्ती. पण लॉक इतकं अरुंद ठेवलं, की जहाजं मोठी होत गेली तशी ती आत येईनात. 1968 मध्ये गोदी बंद झाली. मधोमध घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत दिसते ते आयव्हरी हाउस, 1852 चं. हस्तिदंत ठेवायचं गोदाम.

लॉकवरच्या पुलापाशी थांबा. दरवाजे भरतीच्या आगेमागेच उघडतात, म्हणून तर दहाची भरती निवडली. नदीकडचा दरवाजा उघडतो, बोटी खोलीसारख्या जागेत शिरतात, दरवाजा मिटतो, पाणी गोदीच्या पातळीला येतं, मग आतला दरवाजा. पूल मध्येच बंद करतात तेव्हा पाच-दहा मिनिटं जातात. नदीकडच्या दगडी भिंतीवर पाणी कुठवर आहे ते बघून ठेवा, शक्य तर फोटो काढा.

वॉपिंग: रस्ता नदीला सोडतो आणि परत धरतो

इथून चुका सुरू होतात. थेम्स पाथ या नदीकाठच्या पायवाटेच्या पाट्या आहेत, पण जुनी गोदामं आता फ्लॅट झाली आहेत आणि नदीकाठचा भाग इमारतीगणिक कधी खुला, कधी बंद. कुठे फाटक अंधार पडताना लावतात, कुठे वाट भिंतीशी जाऊन संपते. नियम एकच: वाट संपली की मागे येऊन वॉपिंग हाय स्ट्रीट धरा आणि उजवीकडे पुढची फट दिसली की परत नदीवर. फोनचा नकाशा बंद फाटकातूनही वाट दाखवतो, त्याच्यावर फार विसंबू नका.

हर्मिटेज बागेत कबुतराच्या आकाराची आरपार खाच असलेलं स्मारक लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत मेलेल्या ईस्ट लंडनच्या नागरिकांचं ते. पुढे वॉपिंग पिअर हेड. समोरासमोर दोन जॉर्जियन घरांच्या रांगा आणि मध्ये बाग. ही बाग म्हणजे 1805 मध्ये सुरू झालेल्या लंडन डॉक्सचं बुजवलेलं तोंड. जहाजं या घरांच्या मधून आत जात.

त्याला लागूनच टाउन ऑफ रॅम्सगेट पब आणि त्याच्या बाजूला हातभर रुंदीची बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. बोळीच्या टोकाला वॉपिंग ओल्ड स्टेअर्स. साडेअकराच्या सुमारास इथे पोचाल तेव्हा भरतीला दीडेक तास झालेला असतो, वरच्या काही पायऱ्या नुकत्या उघड्या पडलेल्या असतात. पायरीची मधली झीज बघा, दगड पन्हाळीसारखा खोलगट झालाय. उघड्या पायऱ्यांत दोन जाती ओळखायच्या: राखाडी दगड म्हणजे पाय ठेवायला ठीक, हिरवा चकचकीत म्हणजे नाही. हिरव्या पायरीवर कुठलाही बूट टिकत नाही. शिवाय वेगाने जाणाऱ्या फेरी बोटीची लाट अर्ध्या मिनिटाने काठाला येते आणि दोन-तीन पायऱ्या सहज चढते. बोट गेली की लाट येऊन जाईपर्यंत वरच थांबा.

ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत मातीच्या चिलमींचे तुकडे दिसतात आणि हात शिवशिवतात. उचलू नका. भरती-रेषेखालच्या पट्ट्यात काहीही शोधायला, नुसतं वरवर बघत शोधायलाही, पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. आणि कोणी पाण्यात पडलंच तर 999 फिरवून कोस्टगार्ड मागायचा, मागे उडी मारायची नाही.

वॉपिंगचं पोलीस ठाणं नदीवरच्या पोलिसांचं. हे दल 1798 मध्ये नदीतल्या जहाजांवरच्या चोऱ्या थांबवायला उभं राहिलं. थोडं पुढे वॉपिंग स्टेशन. बाहेरून किरकोळ दिसतं, पण त्याच्या खाली मार्क ब्रुनेल आणि त्याचा मुलगा इझंबार्ड यांनी खोदलेला थेम्स टनेल आहे. 1843 मध्ये खुला झालेला, जहाजं चालतात अशा नदीखालून काढलेला जगातला पहिला बोगदा. 1869 पासून त्यातून गाड्या धावतात, आजही. पाय दुखत असतील तर परत फिरायची ही पहिली सोयीची जागा.

स्टेशननंतर हाय स्ट्रीट सोडून उजवीकडे वॉपिंग वॉल. प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी हा पब स्वतःला 1520 चा म्हणवतो. आपल्याला त्याच्या बाजूच्या पेलिकन स्टेअर्स महत्त्वाच्या. मागच्या बाजूने नदीत फाशीचा दोर लटकवलेला दिसतो, तो पर्यटकांसाठी. खरी चाचेगिरीची फाशी याच काठावर होत असे. कॅप्टन किडला 1701 मध्ये दिली. समोरची लाल विटांची इमारत म्हणजे 1890 चं हायड्रॉलिक पॉवर स्टेशन: पाणी दाबाखाली नळांतून शहरभर पाठवायचं आणि त्यावर क्रेन, लिफ्ट, पूल चालवायचे. 1977 पर्यंत ते चालू होतं.

लगेच पुढे लाल रंगाचा जुना उचलता पूल. पुलावरून डावीकडे शॅडवेल बेसिन. लंडन डॉक्सच्या विस्तारातला न बुजवलेला हा मोठा तुकडा. इथे डावीकडची वाट मोहात पाडते, पण ती गोदीभोवती फिरवून परत तिथेच आणते. पूल ओलांडून उजवीकडे वळा, किंग एडवर्ड मेमोरियल पार्कमध्ये.

लाइमहाउस

पार्कनंतर नदीकाठाने नॅरो स्ट्रीट. लाइमहाउस बेसिन 1820 मध्ये रीजंट्स कॅनॉलची गोदी म्हणून उघडलं. जहाजातला कोळसा आणि लाकूड इथे कालव्याच्या होड्यांत जायचं. लॉकवरचा फिरता पूल बोट आली की रस्ता अडवून बाजूला होतो. नावातला लाइम म्हणजे चुना. इथे चुन्याच्या भट्ट्या होत्या.

उत्तरेला पाच-सात मिनिटांवर वेस्ट इंडिया डॉक रोडवर 1857 मध्ये आशियाई खलाशांसाठी स्ट्रेंजर्स होम उघडलं होतं. इमारत आता नाही, त्यामुळे मुद्दाम वाट वाकडी करू नका. पण पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटींवर डेकवरची कामं रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांकडे आणि जेवणा-खाणाचा विभाग गोंयकारांकडे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होती. लंडनच्या गोद्यांत आपली माणसं नोकरीसाठी आयटी कंपन्यांच्या कितीतरी आधी पोचली होती.

द ग्रेप्स पबच्या मागे नदीत खांबावर एक माणसाचा पुतळा उभा आहे. भिंतीवरचा हिरवा पट्टा आतापर्यंत पुरुषभर झालेला असतो. पुढे लाइमकिल्न डॉकच्या तोंडावर पादचारी पूल. तो बंद असेल तर नॅरो स्ट्रीटवरून आतून वळसा, दहा मिनिटं जास्त.

वेस्ट इंडिया डॉक्स आणि कॅनरी वॉर्फ

वेस्टफेरी सर्कसला नदी सोडा. सरळ कॅबट स्क्वेअर, तिथून डावीकडे उतरून पाण्यावर तरंगणारा हिरवा पूल. पलीकडची विटांची लांब गोदामं 1802 ची, वेस्ट इंडिया डॉक्सची. कॅरिबियन बेटांवर गुलामांकडून पिकवलेली साखर आणि रम इथे उतरायची. त्यातच लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे. प्रवेश फुकट, स्वच्छ शौचालयं, कॅफे. पूर्ण बघायला तीन तास लागतात. तुमच्याकडे एकच आहे, तेव्हा लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जा आणि खाली उतरत या. साखर आणि गुलामगिरीचं दालन गाळू नका.

टॉवरांच्या मधे जीपीएस भरकटतं, निळा ठिपका पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. इथे पाट्या वाचाव्यात. पाऊस आला तर खालच्या मॉलमधून दक्षिणेकडे जाता येतं.

इथून दोन वाटा. लहान मुलं बरोबर असतील तर आतली घ्या: साउथ डॉक, मिलवॉल डॉक (1868) आणि मग मडशूट. गोदीचा गाळ काढून जिथे टाकला ती टेकाडं म्हणजे मडशूट. आज तिथे 32 एकरांचं फार्म आहे, मेंढ्यांच्या मागे बँकांचे टॉवर दिसतात. प्रवेश फुकट.

नाहीतर बाहेरची, नदीची. वेस्टफेरी सर्कसला परत या आणि दक्षिणेकडे वळा. वाट अधूनमधून वेस्टफेरी रोडवर ढकलते, कंटाळवाणी आहे, हे खरं. पण मास्टहाउस टेरेस पिअर आणि बरेल्स वॉर्फच्या मधे, नेपियर अव्हेन्यूच्या टोकाला, या दिवसाचं फळ आहे.

काठावर जमिनीत रोवलेले जाड काळे लाकडी ओंडके दिसतील. ओहोटी असेल तर खाली चिखलातही त्यांच्या रांगा उतरत गेलेल्या दिसतात. ग्रेट ईस्टर्न जहाज या लाकडांवर बांधलं गेलं. 211 मीटर लांब, तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं. नाकासमोर सोडलं असतं तर पलीकडच्या काठाला जाऊन आदळलं असतं, म्हणून इझंबार्ड ब्रुनेलने ते नदीला समांतर बांधलं आणि आडवं सरकवायचं ठरवलं. 3 नोव्हेंबर 1857 चा पहिला प्रयत्न फसला, जहाज थोडंसं हललं आणि अडकलं. मग जॅक लावून जवळजवळ तीन महिने इंच-इंच ढकललं आणि 31 जानेवारी 1858 च्या उधाणावर ते तरंगलं. पुढे प्रवासी वाहतुकीत ते तोट्यातच गेलं, पण समुद्राखालच्या तारा टाकायला त्याच्याइतकं मोठं पोट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. 1870 मध्ये मुंबई ते एडन ही तार याच जहाजाने टाकली.

भरतीला आलात तर चिखलातली लाकडं दिसत नाहीत. म्हणून सकाळचं ते कोष्टक.

बोगदा आणि परतीची बोट

फेरी स्ट्रीटवरून दहा-पंधरा मिनिटांत आयलंड गार्डन्स. समोर नदीपलीकडे ओल्ड रॉयल नेव्हल कॉलेजच्या जुळ्या घुमटांचं दृश्य. बागेतल्या काचेच्या घुमटाखाली ग्रिनिच फूट टनेल: 1902 चा, लांबी 370 मीटर, नदीच्या खालून पायी जायचा. दिवसरात्र खुला, पैसे नाहीत. सायकल हातात धरून न्यायची. लिफ्ट आहेत, पण बऱ्याचदा बंद असतात. जिना प्रत्येक टोकाला शंभरएक पायऱ्यांचा. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल आणि लिफ्ट बंद असेल तर आयलंड गार्डन्सहून डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) घ्या, पुढचंच स्टेशन कटी सार्क. डीएलआरच्या बहुतेक स्टेशनांवर फाटक नसतं, खांबावर कार्ड (ऑयस्टर किंवा बँकेचं कॉन्टॅक्टलेस) टेकवायचं असतं. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा, एकदा विसरलात तर कमाल भाडं कापलं जातं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

बोगद्यात शिरताच उत्तरेकडचा काही भाग एकदम अरुंद वाटतो, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने फुटलेला भाग आतून लोखंडी अस्तर लावून बुजवलाय. मग पांढऱ्या फरशांची नळी पुन्हा रुंद होते.

वर आलात की समोर कटी सार्क, 1869 चं चहाचं जहाज. आत जायला तिकीट आहे, बाहेरून बघणं फुकट. ग्रिनिच मार्केट संध्याकाळी साडेपाचपर्यंत. टेकडीवरच्या वेधशाळेतला लाल गोळा 1833 पासून रोज दुपारी एकला खाली पडतो. नदीतली जहाजं त्यावर घड्याळं लावून घेत. तो बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी या.

परत जाताना रेल्वे नको, ग्रिनिच पिअरवरून टॉवर पिअरची बोट घ्या. तिथेही कार्ड चढताना-उतरताना टेकवायचं. उजव्या बाजूला बसा: बरेल्स वॉर्फ, द ग्रेप्स, प्रॉस्पेक्ट, सगळं उलट क्रमाने येतं, आणि सकाळी पाण्याखाली असलेल्या वॉपिंग ओल्ड स्टेअर्स आता खालच्या चिखलापर्यंत उघड्या दिसतात.